गाडी तेवढी ठेवून घेतली

नळदुर्ग, जि. उस्मानाबाद
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९६२

सकिनाबी यांस,

परवा रविवारी, ४ फेब्रुवारी १९६२ रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हैदराबादहून सोलापूरला जाणारी बस नळदुर्गच्या थांब्यावर येऊन उभी राहिली आणि अकरा पस्तीसला सुटली. मधल्या पंचवीस मिनिटांत तू खाली उतरलीस, हॉटेलच्या बाकावर बसून चहा घेतलास, आणि ट्रकखालून बाहेर आलेल्या महेबूब मिस्त्रीला विचारलंस, "शाळेच्या बाई हायत का अजून?"

तो म्हणाला, "हायत की. हितंच, चिंचेच्या वळणाला. बोलवून आणू?"

तू म्हणालीस, "नको. नुसतं इचारलं."

आणि परत बसमध्ये जाऊन बसलीस.

माझं घर थांब्यापासून चालत चार मिनिटं. गुडघ्यांमुळं तू काठी घेतेस असं मिस्त्री सांगतो, तर सहा धरते. यायला सहा, जायला सहा, तेरा उरली. तेरा मिनिटांत मी तुला काय काय बोलले असते याची यादी मी केली आहे. ती सोबत जोडत नाही, पाकीट जड होईल. साडेतेरा वर्षांनी या गावात पाऊल ठेवायचं, शामला जिवंत आहे की मेली एवढं मिस्त्रीकडून विचारून घ्यायचं आणि पुढं जायचं, अशा वागण्याला आमच्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये एक शब्द होता. सिस्टरांनी तो मला फार लहानपणी शिकवला, कारण त्यांना तो माझ्यासाठीच वापरावा लागे.

सोलापूरचा तुझा पत्ता, म्हणजे तुझ्या लेकीच्या, हसीनाच्या सासरचा, मिस्त्रीनं विचारून ठेवला. त्याला तेवढी रीत आहे.

तुझे यजमान, दादामियाँ, गेले हेही त्यानंच सांगितलं. तीन वर्षं झाली म्हणे, छातीच्या दुखण्यानं. तीन वर्षं, सकिना, आणि एक कार्ड नाही. तो सांगत होता तेव्हा मी तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाची एक तार पुसत होते. पुसतच राहिले. मिस्त्री म्हणाला, "बाई, ती तार झाली मघाशी."

हो, तुमचीच गाडी. दादामियाँ बांधकाम खात्यात ओव्हरसीर होते तेव्हा ज्या मोटारसायकलवरून रस्ते तपासत फिरायचे, ती. अठ्ठेचाळीस साली ती माझ्याकडं ठेवून तुम्ही गाव सोडलंत. तेव्हापासून ती शाळेच्या सरपणाच्या खोलीत, गोवऱ्यांखाली पडून होती. गोवऱ्यांखाली का, ते विचारू नकोस. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, शाळेचं घर सोडलं, तेव्हा ती बैलगाडीत घालून इथं अंगणात आणली. निवृत्त बाईला लोक दोनच कामं सुचवतात. तुळजापूरचा माझा भाऊ म्हणतो पोथी वाच, भावजय म्हणते लोणची घाल. मला करमेना, म्हणून मी दिवाळीत गाडी खोलली.

यंत्रातलं मला काही कळत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. पण वही घातली आहे. प्रत्येक स्क्रू कागदात बांधून वर त्याचं नाव लिहिते. ज्याचं नाव माहीत नाही त्याला मीच नाव देते. कुठंच नीट न बसणाऱ्या एका वाकड्या तुकड्याला मी एका तपासनीस साहेबांचं नाव दिलं आहे. महेबूब रोज तासभर येतो, वहीकडं बघतो आणि म्हणतो, "बाई, शाळा सुटली, पन तुमची हजेरी काय सुटंना."

तू घरी का आली नाहीस, त्याचं उत्तर मंगळवार, २० फेब्रुवारीच्या आत लेखी मिळावं. निरोप चालणार नाही.

शामला
(निवृत्त मुख्याध्यापिका)

नळदुर्ग
रविवार, २५ फेब्रुवारी १९६२

सकिना,

वीस तारीख गेली. पोस्टमन मला बघून आता रस्ता बदलतो.

हे पत्र तुझ्या गप्प बसण्याबद्दल नाही. अडचणीत आले आहे म्हणून लिहिते. ती अडचण मी स्वतःच्या हातानं केली आहे, हेही लिहून टाकते, म्हणजे तुला लगेच बरं वाटेल.

महेबूबचे रोजे चालू आहेत. ट्रकांची कामं आटोपून तो दुपारी येतो, तेव्हा मी त्याच्यासमोर पाणी पीत नाही. त्याच्या ते लक्षात आलं, तर म्हणाला, "तुमी प्या की बाई. रोजा माझा हाय." मी म्हटलं, तू काम कर. तर गेल्या सोमवारी आम्ही इंजिन परत जुळवायला घेतलं. मी सगळे भाग घासून, पुसून, पाटावर ओळीनं मांडले होते. माझ्या शाळेच्या तपासणीलासुद्धा इतकं झगझगीत काही कधी मांडलं गेलं नव्हतं. महेबूबनं दोन दातेरी चाकं उचलली, उलटीसुलटी केली, उजेडात धरली.

"हितं एक तांबडा ठिपका आसंल बघा."

"होता. काढला."

"काढला म्हंजे?"

"गंज होता. चिंच आणि राख लावून दोन दिवस घासलं. बघ, कसं चांदीसारखं झालंय."

त्यानं चाक पाटावर ठेवलं. मग अगदी हळू आवाजात, जसं आपण पहिलीतल्या मुलीला विचारतो तसं, त्यानं विचारलं, "बाई, गंज आसा गोल आसतो का?"

ठिणगी कोणत्या क्षणी पडायची ते या दोन चाकांवर ठरतं, एवढं मला आता कळलं आहे. कोणता दात कोणत्या खाचेत घालायचा याची खूण कारखान्यातून येते म्हणे. पण तुमच्या गाडीतलं एक चाक मोडलं होतं आणि दादामियाँनी ते सोलापुरात लेथवर नवीन करून घेतलं, म्हणून कारखान्याची खूण वरच्या चाकावर आहे, या खालच्यावर नाही. खूण त्यांनी स्वतः केली होती, मैलाच्या दगडांवर आकडे काढायच्या तांबड्या रंगानं. आणि मी, लोखंडावर तांबडं दिसलं की गंज, एवढंच शिकलेली बाई, ती चिंचेनं घासून काढली.

तेव्हापासून आम्ही अंदाजानं बसवतोय. एक दात पुढं, एक दात मागं. चुकीच्या दातावर बसलं की गाडी सुरू होत नाही, किकचा दांडा उलटा मारते. गुरुवारी तो महेबूबच्या नडगीवर बसला. तो नडगी धरून खाली बसला आणि गाडीला म्हणाला, "का गं, तू बी बाईंच्या शाळंत शिकलीस का काय?" मी हसले नाही. तो गेल्यावर हसले.

ज्या दिवशी तो ठिपका रंगवला त्या दिवशी मी तिथं होते, सकिना. शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, तुमच्या ओसरीवर. हसीना माझ्या मांडीवर झोपली होती. दादामियाँ ब्रश धरून बसले होते आणि तू दात मोजत होतीस, मोठ्यानं, एक, दो, तीन. मी मध्ये काहीतरी बोलायची, तू आकडा विसरायचीस, आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तू म्हणालीस, "शामला, तोंडात पान घाल आन गप बस." मी पान घातलं. सिस्टरांनी पान खाताना पाहिलं असतं तर मला शाळेतून काढलं असतं. मग तू मोजलेस, आणि त्यांनी रंगाचा ठिपका दिला. आकडा मला आठवत नाही, मी पान चावत होते.

तुला आठवत असणार. तुला सगळंच आठवतं, त्याचीच तर मला धास्ती आहे.

मंगळवार, ६ मार्चच्या आत आकडा लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. त्यानंतर ईद आहे, आणि महेबूबनं नमाजाला लंगडत जाऊ नये.

पहिल्या पत्रात मी कुठं असं लिहिलं नाही ना, की तू घरी का आली नाहीस ते मला ठाऊक नाही? कच्चा मसुदा काढून बघितला. उत्तर मागितलं आहे, पण ठाऊक नाही असं लिहिलेलं नाही. बरं झालं.

शामला

नळदुर्ग
बुधवार, १४ मार्च १९६२

प्रिय सकिना,

तुझं कार्ड ६ तारखेलाच, मुदतीच्या शेवटच्या टपालानं आलं. पूर्ण मजकूर खालीलप्रमाणे: "वरच्या खुणेपासून डावीकडं मोजत जा. सतरावा दात."

मायना नाही. खाली सही नाही. कशी आहेस, नाही. मी शिकवलेल्या मुलीनं असं कार्ड लिहिलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. आणि मी शिकवलेल्या बाईनंच ते लिहिलं आहे. तुझा 'ड' अजून पोटात वाकतो, मी चाळीस वेळा गिरवून घेतला होता तरी. कार्ड मी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लावलं आहे. वही भरली म्हणून, दुसरं कारण नाही.

सतरावा दात. महेबूब सोळाव्यावर होता. म्हणाला, "बगा, एका दातासाठी माझी नडगी ग्येली."

शनिवारी, ईद होऊन गेल्यावर, संध्याकाळी चार वाजून चाळीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. पहिल्या किकला नुसती खोकली. दुसऱ्या किकला चिंचेवरचे सगळे कावळे उडाले. शेजारची महानंदा हातातलं सूप तसंच धरून धावत आली आणि कुंपणापलीकडून विचारू लागली, "बाई, काय फुटलं?" मी म्हटलं, काही फुटलं नाही, सुरू झालं. महेबूबनं हळूहळू आवाज कमी केला, आणि मग तो ठोका आला. तुला आठवत असेल तो. दादामियाँ पुलाच्या पलीकडं असले तरी तो ऐकू यायचा आणि तू चहाचं आधण ठेवायचीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं. धूर फारसा नव्हता.

आता चालवायला शिकतेय. हसू नकोस. किल्ल्याच्या बाजूच्या माळावर महेबूब शेजारून पळतो आणि मी चालवते. पाचवारी नेसून टांग टाकता येत नाही, तेव्हा पंचेचाळीस वर्षांनी काष्टा घातला. कॉन्व्हेंटमध्ये गेले त्या वर्षी आईनं रडत तो सोडवला होता. तीनदा पडले. दोनदा वाळूत आणि एकदा महेबूबवर. गीअरचा दांडा टाकीच्या बाजूला, हातानं ओढायचा, आणि तो ओढताना मी दर वेळी खाली बघते. महेबूब ओरडतो, "बाई, रस्ता बगा, दांडा पळून जात न्हाई." माझ्याच वर्गातल्या आवाजात मला कोणी असं बोललेलं मी प्रथमच ऐकलं.

एक गोष्ट ठरवली आहे. गाडी होती तशी ठेवणार नाही. मागं एक कॅरिअर होतं, त्यावर तू दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसायचीस, सामानासारखी. मला डाव्या बाजूला एक पेटी जोडायची आहे, तिसऱ्या चाकाची, एका माणसाला पाय पसरून बसता येईल अशी. महेबूबनं लोखंडी नळ्यांचा सांगाडा करायला घेतला आहे, एक चाकही शोधून आणलं आहे. पेटी लाकडाची हवी. इथले सुतार दारं-चौकटी करतात, हलत्या वस्तूचं त्यांना जमत नाही. बैलगाड्या करणारा कोणी चांगला तुला माहीत असेल, दादामियाँची त्या लोकांत ऊठबस होती, तर नाव कळव. पेटी कोणासाठी ते विचारू नकोस.

मुदत ३१ मार्च. या वेळी मायना घाल.

तुझी,
शामला

नळदुर्ग
रविवार, ८ एप्रिल १९६२

सकिना,

तुझं दुसरं कार्ड: "सास्तूरच्या कल्याणप्पाकडं जा. दुसऱ्या कुनाकडं जाऊ नको."

मायना नव्हताच. तरी मी काल गेले. आता वाटतं, तू मला तिथं सुतारकामासाठी पाठवलं नाहीस.

गाडी महेबूबनं चालवली, मी मागं बसले, बाजूला सांगाडा आणि मोकळं चाक. कल्याणप्पा अंगणात बैलगाडीच्या धुऱ्या तासत होता. त्यानं भोवतीनं एक चक्कर मारली.

"बैल न्हाई, जू न्हाई. चालती कशावर ही?"

महेबूब म्हणाला, "बाईंच्या रागावर."

तो हसला. मापं विचारली. किती माणसांची पेटी, म्हणाला. मी म्हटलं, एका बाईची, गुडघे वाकत नाहीत तिचे, तेव्हा चढायला पायरी हवी आणि बाजूनं दार. कोण बाई, म्हणाला. मी सांगितलं, दादामियाँ ओव्हरसीरांची बायको.

त्यानं हातातला वाकस खाली ठेवला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "शांताक्का, भाईर ये. सकिनाबीची पेटी करायची हाय."

त्याची बायको बाहेर आली, पदराला हात पुसत. तुझी चौकशी केली, हसीनाची केली. दादामियाँचं कळल्यावर खाली बसली. मग सांगू लागली. मी कोण ते तिनं विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

"आठ दिस हुती आमच्यात. मालकाला कनगीच्या मागं ठिवलं, आन ही लेकराला घिऊन चुलीपाशी. कुनी इचारलं तर म्हनायचं, माझ्या म्हायेरची हाय. तिच्या कपाळाला कुक्कू लावलं म्या. आदी इचारलं, मग लावलं. ती म्हनली, लाव."

मी विचारलं, "एवढ्याशा घरात जागा कशी काढलीत?"

"जागा काय काढायची. मानसं आत आली, दार लावलं."

कल्याणप्पा नळ्यांवर दोरी धरून माप घेत होता. शांताक्का पुढं म्हणाली, "नळदुर्गात एक शाळंची बाई हुती म्हनं, तिची लई दोस्ती. तिच्याकडं आदी ग्येली हुती. तिनं गाडी तेवढी ठिवून घेतली."

"आगं आसू दे," कल्याणप्पा म्हणाला. "सरकारी घर हुतं तिचं."

"व्हय, सकिनाबी बी तेच म्हनायची. एकली बाई हाय, नोकरी जाईल तिची. म्या म्हटलं, आसंल बाई."

महेबूब खाली वाकून कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी शोधू लागला. तिथं शोधण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हटलं, "ती बाई मी."

शांताक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय? मग उनात का हुबा हाव? आत या."

आणि मी आत गेले, सकिना. कनगी अजून तिथंच आहे. तिनं मला चुलीजवळ बसवलं, गुळाचा चहा दिला, आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

तू त्या घरात, त्या आठ दिवसांत, माझी बाजू घेतलीस. हे मला आजवर माहीत नव्हतं. तू मला शिव्या दिल्या असतील असंच मी धरून चालले होते, आणि त्याचा मला आधार होता.

पुढचं लिहायला मला थोडे दिवस लागतील. या पत्राला मुदत नाही.

शामला

नळदुर्ग
बुधवार, २५ एप्रिल १९६२

प्रिय सकिना,

रविवार, १९ सप्टेंबर १९४८, दुपारी चारला दहा मिनिटं कमी.

वेळ मला ठाऊक आहे, कारण मी घड्याळाला चावी देत होते. दादामियाँ गाडी हातानं ढकलत आणत होते, आवाज होऊ नये म्हणून. तू मागं, हसीना कडेवर, चपला हातात. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, गाडी ठेवाल का? आणि ह्या दोघींना आठ दिवस?" एका दमात म्हणाले, जणू दोन्ही सारख्याच गोष्टी. मी म्हणाले, "गाडी ठेवा. घर शाळेचं आहे. बाहेरच्या माणसाला रात्री ठेवायचं नाही असा नियम आहे."

नियम होता. तो मीच केला होता, एकोणचाळीस साली, शिपायाचे मेव्हणे येऊन राहायचे म्हणून. वरून कोणी घातलेला नव्हता. मोडला असता तर मला जाब विचारणारी मीच होते. शाळा बंद होती, कचेरी बंद होती, दोन दिवसांपूर्वी निजामाचं राज्य गेलं होतं, गावोगाव मुसलमानांची घरं शोधली जात होती, आणि मी दारात उभी राहून नियम सांगत होते. तू चपला खाली ठेवून पायात घातल्यास. दादामियाँ "बरं बाई" म्हणाले आणि गाडी नीट स्टँडवर लावली. हसीनानं मला हात केला.

मला भीती वाटली. नुसती भीती असती तर लिहायला सोपं गेलं असतं. मला राग आला होता, तुम्ही मला हे विचारलंत याचा. ज्यांच्यावर आपण अन्याय करायला निघालो आहोत त्यांच्यावर आधी रागवायचं, म्हणजे काम हलकं होतं. पहिल्या पत्रात मी तेच केलं. ते पत्र मी परत मागत नाही. फक्त त्याच्या खाली हे ठेवून वाच.

गोवऱ्यांचंही सांगते. टाकीवर तीन बंदुकांचं चित्र आहे ना, कारखान्याचं. ते कोणी पाहिलं तर भलताच अर्थ लावतील, म्हणून मी त्या संध्याकाळी दोन तास खपून गाडीवर गोवऱ्या रचल्या. एका लोखंडाला लपवायला दोन तास. त्या खोलीत तुम्ही दोघी आरामात मावला असता. तेरा वर्षं सरपण काढायला गेले की ते मला दिसायचं. गाडी मी दिवाळीत करमत नाही म्हणून खोलली असं लिहिलं होतं, ते खोटं आहे. शाळेचं घर सुटलं, नियमही सुटला, आणि गाडी अंगणात आली तेव्हा तिच्याकडं बघवेना. म्हणून खोलली.

आता गाडीबद्दल.

पेटी झाली. कल्याणप्पानं कडुलिंबाचं लाकूड वापरलं, खाली वाकवलेल्या पट्ट्या घातल्या, म्हणजे खड्ड्यात धक्का कमी बसतो. दार बाजूनं उघडतं. पायरी जमिनीपासून नऊ इंचांवर आहे. तुझ्या गुडघ्यांची उंची मी शांताक्काला विचारली. तिनं आपल्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवली, तेच माप धरलं. काठी ठेवायला आतून दोन कड्या आहेत. पाठीला मी माझी रजई शिवून लावली आहे, टाके सिस्टरांच्या पद्धतीचे, उसवायचे नाहीत. रंग हिरवा द्यायचा होता, महेबूब म्हणाला काळाच द्या, धूळ दिसत नाही. मी निळा दिला. पेटी रिकामी असली की गाडी डावीकडं ओढते, म्हणून मी सरावाला आत ज्वारीचं पोतं ठेवते. महेबूब त्या पोत्याला सलाम करून जातो, "सलाम आलेकुम, सकिनाआपा."

परवाना मिळाला. साहेबांनी विचारलं, "आजी, या वयात कशाला?" मी म्हटलं, एका बाईला भेटायला जायचं आहे. ते म्हणाले, बस आहे की. मी म्हटलं, बसनं ती आली होती, पण माझ्या दारापर्यंत आली नाही. त्यांना काही कळलं नाही, पण सही केली.

तर, मंगळवार, ८ मे रोजी सकाळी सातला मी इथून निघेन. महेबूब मागं बसेल, वाटेत काही मोडलं तर. नऊच्या सुमाराला सोलापुरात पोचेन. तू म्हणालीस तर तुला पेटीत बसवून कुठं म्हणशील तिथं नेईन. सास्तूरला शांताक्का वाट बघते, तिनं तसं सांगितलं आहे. तू ये म्हणालीस तरच निघेन. दारात येऊन उभी राहिले तर तुला तोंडावर नाही म्हणता येणार नाही, तेवढी मी तुला ओळखते. म्हणून आधी विचारते, आणि लेखी विचारते.

तुझं उत्तर काही असलं तरी गाडी तुझीच आहे. कागद दादामियाँच्या नावावर आहेत, ते तुझ्या नावावर करायचा अर्ज मी भरून ठेवला आहे, फक्त तुझी सही हवी. मी येऊ नये असं असेल तर महेबूब एकटा गाडी घेऊन येईल आणि जाताना ती कशी चालवायची ते हसीनाच्या नवऱ्याला शिकवून जाईल. मी माझ्या घरी राहीन.

सोबत जवाबी कार्ड जोडलं आहे. पत्ता घातला आहे, शाई वाळलेली आहे. शनिवार, ५ मे रोजी दुपारी चारच्या टपालानं ते माझ्या हातात पडलं पाहिजे. मायना नसला तरी चालेल, सही नसली तरी चालेल. मी त्या दिवशी 'नाही' असं म्हटलंच नव्हतं, नुसतं कारण पुढं केलं होतं. तू कारण लिहू नकोस. हो किंवा नाही, तेवढंच लिही.

तुझी,
शामला